भाच्यांच्या यादीतलं नाव

चव्वेचाळिसाव्या ठिकाणी फोन केला, तेव्हा ओलीटा स्टिडमला 'नाही' म्हणण्याचीही तसदी कुणी घेतली नाही. पलीकडच्या बाईनं 'थांबा' म्हणून वीस मिनिटं वाजंत्री ऐकवली आणि फोन तोडून टाकला. ओलीटानं वहीत त्या दवाखान्यापुढे फुली मारली. अशा त्रेचाळीस फुल्या आधीच होत्या. एका डॉक्टरच्या बायकोनं सांगितलं होतं, आम्ही फक्त मोठ्या विद्यापीठाच्या मुली घेतो. एकानं विचारलं होतं, "या वयात कशाला हा उद्योग?" त्याला ओलीटानं काय उत्तर दिलं ते इथं लिहिण्यासारखं नाही.

ही भीक कशासाठी, तर शिकण्यासाठी.

ओलीटा सेहेचाळीस वर्षांची. जिल्ह्याच्या इस्पितळात तेवीस वर्षं नर्स. चारशे मैलांवरच्या एका विद्यापीठात ती कॉम्प्युटरवरून मास्टर्स करत होती. ते पुरं झालं की ती फॅमिली नर्स प्रॅक्टिशनर होणार होती; म्हणजे रोगी स्वतः तपासायचा, दुखणं काय ते स्वतः ठरवायचं आणि औषधाची चिठ्ठी स्वतःच्या सहीनं लिहायची. धडे कॉम्प्युटरवर, परीक्षा कॉम्प्युटरवर. पण सातशे वीस तास कुणाच्या तरी हाताखाली खरे रोगी तपासायचे, आणि तो 'कुणीतरी' ज्याचा त्यानं शोधायचा. विद्यापीठ शोधून देत नाही. वर्ग आमचा, शिक्का आमचा, शिकवणारा मात्र तुम्ही गाठून आणा! स्वयंपाक शिकवणाऱ्यानं चूल घरून आणायला सांगावी, तसला हा कारभार. शहरातल्या पोरींना कोपऱ्याकोपऱ्यावर चुली मिळतात. पूर्व केंटकीच्या डोंगरात ओलीटाच्या जिल्ह्याला डॉक्टर होते अडीच. अडीच, कारण तिसरा फक्त मंगळवारी यायचा.

पाचशे तास तिनं दोन जिल्हे ओलांडून, गाडी हाणत, कसेबसे भरले होते. राहिले होते दोनशे वीस: पोरं, बाया, म्हातारे, म्हणजे सगळं घरच. ते मिळाले नाहीत तर डिसेंबरात पदवी नाही. आणि डिसेंबरात पदवी नाही, तर स्लेट लिक खोऱ्यातला दवाखाना बंद.

तो दवाखाना चालवायची डार्ला कोवाल्स्की. तीही नर्स प्रॅक्टिशनर. वय सहासष्ट, गुडघे गेलेले, वर्षाअखेर निवृत्त होणार. दवाखाना ज्या कंपनीचा होता तिनं पत्रच पाठवलं होतं: डिसेंबरात पदवी घेतलेलं कुणी जागेवर यायला तयार असेल तर परवान्यासाठी मार्चपर्यंत थांबू, नाहीतर कुलूप. स्लेट लिकला यायला ओलीटाशिवाय दुसरं कुणी तयार नव्हतं. कुलूप लागलं तर तापलेलं पोर घेऊन डोंगरापलीकडे पन्नास मैल जायचं.

मग ओलीटानं डार्लालाच का विचारलं नाही? कारण डार्ला विद्यार्थी घेत नाही हे खोऱ्यात सगळ्यांना ठाऊक होतं. मागं एका पोरीनं दुसऱ्याच दिवशी रोग्याचा फोटो इंटरनेटवर टाकला होता, तेव्हापासून तिनं दार लावून घेतलं होतं. आणि जिचं 'नाही' आधीच ठाऊक, तिच्या दारात जायची ओलीटाला सवय नव्हती.

शेवटी विचारलं ते ओलीटाच्या आईनं. हेस्टर एक्क्याऐंशीची, फुप्फुसं निकामी होत आलेली, नाकात ऑक्सिजनची नळी. डार्ला दर शुक्रवारी तिला घरी येऊन तपासायची आणि तपासून झालं की तासभर दोघी पत्ते कुटायच्या.

"डार्ला, माझ्या पोरीला शिकव," हेस्टर पत्ते पिसता पिसता म्हणाली.

"मी शिकवत नाही, हेस्टर."

"मी कुठं विचारलं? मी सांगतेय."

"ती तोंडाळ आहे."

"माझ्यावर गेलीय. पान टाक."

झालं, ठरलं. विद्यापीठाच्या अर्जात एक चौकट होती: 'मार्गदर्शकाशी आपलं काही नातं आहे का?' नातेवाईक मार्गदर्शक चालत नाही. ओलीटानं 'नाही' वर खूण केली. आणि नव्हतंच. डार्ला ओहायोतल्या टोलेडोची. एकतीस वर्षांपूर्वी दोन वर्षांच्या बोलीवर आली आणि राहिली. स्लेट लिकमध्ये बाहेरून आलेल्या माणसाला 'आणलेला' म्हणतात, आणि एकदा आणलेला तो मरेपर्यंत आणलेला. अर्ध्या खोऱ्याची बाळंतपणं केलेल्या डार्लाच्या पाठीमागे लोक अजून म्हणायचे, "चांगली आहे हो, पण आणलेली."

सप्टेंबरपासून ओलीटा आठवड्यातले तीन दिवस डार्लाच्या मागेमागे असायची. पहिल्याच आठवड्यात बर्ल क्रीच आला. सत्तरीतला गडी, पाय सुजलेला.

ओलीटानं रक्तदाब घेतला, साखर बघितली, सगळं कागदावर नीट लिहिलं आणि डार्लाकडे वळली. "साखर तीनशे दहा. पायावर जखम आहे. काय करू या?"

"मला काय विचारतेस? मी मेलेय असं समज."

"अगं, पण..."

"नर्ससारखी निरोप आणू नकोस. ठरव."

बर्ल पलंगावरून म्हणाला, "बायांनो, पाय माझा आहे. दोघींनी मिळून ठरवलं तरी चालेल मला."

"तू गप रे," डार्ला म्हणाली. "काल रात्री काय खाल्लंस?"

"घेवडा आणि मक्याचा पाव."

"आणि?"

"थोडा केक."

"थोडा म्हणजे?"

"होता तेवढा."

ओलीटानं ठरवलं. जखमेचं औषध, इन्सुलिनचं माप, चार दिवसांनी परत बोलावणं. डार्लानं कागद वाचला, एक आकडा खोडला आणि म्हणाली, "एवढं देशील तर पहाटेपर्यंत हा खाली पडलेला सापडेल. एकटा राहतो. माणूस कुठं राहतो ते आधी बघ, मग माप लिही." तेवीस वर्षांत असं ओलीटाला कुणी शिकवलं नव्हतं. त्या दिवशी तिला राग आला आणि घरी जाताना गाडीत रडूही आलं. दोन्ही बरोबरच होतं.

ऑक्टोबरात हेस्टर गेली. शेवटचे नऊ दिवस डार्ला स्वतःची रजा टाकून त्यांच्या घरी राहिली. तोंड पुसणं, कूस बदलणं, मॉर्फिनचे थेंब, सगळं. जायच्या चार दिवस आधी हेस्टरनं आपली निधनवार्ता स्वतः सांगितली. ओलीटा लिहून घेत होती. स्लेट लिकमध्ये निधनवार्ता फ्युनरल होमवाला, म्हणजे अंत्यविधीची सगळी व्यवस्था बघणारा, छापतो, साप्ताहिकात आणि त्याच्या वेबसाइटवर. लोक ती कापून घरच्या बायबलमध्ये ठेवतात. मागे कोण कोण राहिलं ते त्यात नावानिशी यावं लागतं. एक नाव राहिलं तर दहा वर्षं बोलणं बंद.

"भाच्यांत लिही," हेस्टर धापा टाकत म्हणाली. "नेल, आयव्हा, पॉलीन. आणि डार्ला."

डार्ला उशी झटकत होती. तिचा हात थांबला. "हेस्टर, काहीतरीच काय."

"माझी निधनवार्ता आहे. तुझी असेल तेव्हा तू बोल."

हे काही जगावेगळं नव्हतं. शेवटी ज्यानं केलं त्याला मुलांत नाहीतर भाच्यांत घालायची तिथली रीतच आहे. वाचणाऱ्यालाही कळतं. पण आणलेल्या बाईला घातलेलं मात्र ओलीटानं पूर्वी पाहिलं नव्हतं. "आणि तिला वर आमच्यात जागा द्या," हेस्टर म्हणाली. "माझ्या पायाशी नको. शेजारी."

वर म्हणजे घरामागच्या टेकडीवरचं स्टिडमांचं दफनस्थान. पुरल्यानंतर सगळे खाली जेवायला गेले, डार्ला एकटी वर थांबली. ओलीटा बोलवायला गेली तर ती हेस्टरच्या शेजारच्या गवतात उभी. "इथून दवाखान्याचं छप्पर दिसतं गं," ती म्हणाली. एवढंच. पण त्या आठवड्यात तिनं टोलेडोला चुलतभावाला फोन करून सांगितलं, की मी निवृत्त झाल्यावर तिकडे येत नाही, इथंच राहते.

ओलीटानं विद्यापीठाकडे आठवडाभराची सवलत मागितली. उत्तर आलं: मृत्यूचा पुरावा जोडा. तिनं वेबसाइटवरची निधनवार्ता जोडली. सरकारी दाखला अजून हातात नव्हता, दुसरं काय जोडणार? आईचं नाव, तारीख, सगळं होतं त्यात. भाच्याही होत्या.

बारा दिवसांनी पत्र आलं. 'मार्गदर्शकाशी असलेलं नातं लपवल्याच्या कारणावरून' डार्लाकडचे एकशे नव्वद तास रद्द. हरकत असल्यास विद्यापीठाच्या अधिकारी कॅथलीन व्होस यांच्याशी व्हिडिओवर बोलावं.

खोऱ्यात इंटरनेट धड चालत नाही. ओलीटा गावच्या वाचनालयाच्या आवारात गाडी लावून तिथल्या वायफायवर शिकायची. सगळं मास्टर्स तिनं त्या सीटवर बसून केलं होतं. त्या दिवशीही तिथंच बसली. पडद्यावर व्होसबाई दिसल्या. मागे पुस्तकांचं कपाट, एक नीटनेटकी कुंडी.

"आईबद्दल वाईट वाटलं," व्होसबाई म्हणाल्या. "पण निधनवार्तेत श्रीमती कोवाल्स्कींचं नाव भाच्यांमध्ये आहे."

"त्या भाची नाहीत."

"मग छापलं कसं?"

"आईनं सांगितलं म्हणून."

"म्हणजे जे छापलं ते खोटं आहे?"

"खोटं कसं? आमच्याकडे तसंच लिहितात. शेवटी जिनं केलं ती भाची."

"मिस स्टिडम, मला एकच काहीतरी धरावं लागेल. त्या नातेवाईक असतील तर तुम्ही अर्जावर खोटं लिहिलंत. नसतील तर..."

"तर माझी मेलेली आई खोटारडी. बोला की, थांबलात का?"

"मी तसं म्हटलेलं नाही."

"तुम्ही काहीच म्हणत नाही हो. चव्वेचाळीस दवाखान्यांनी मला हाकललं, तेव्हाही तुम्ही काही म्हणाला नाहीत. मी एकटीनं माणूस शोधला, तर आता तुम्हाला तोंड फुटलं!"

व्होसबाई चिडल्या नाहीत. तेच जास्त झोंबलं. चिडणाऱ्या माणसाशी भांडता तरी येतं. त्यांनी शांतपणे उपाय सांगितला: दोघींनी सही करून लिहून द्यायचं, की आमचं नातं नाही. आणि मूळ मजकूर जाहीर छापलेला असल्यामुळे दुरुस्तीही तिथंच, तशीच जाहीर छापायची. दहा दिवसांत. वाक्य त्यांच्या कायदा विभागानं तयार करून दिलं होतं.

ओलीटा तशीच दवाखान्यात गेली. डार्ला मागच्या खोलीत डब्यातले सॉसेज बिस्किटांवर ठेवून खात होती. तिनं सगळं ऐकलं आणि हसली.

"मग लिहू की. त्यात काय? मी नाहीच आहे भाची. माझा बाप टोलेडोत टायर विकायचा."

"तुला वाईट नाही वाटणार?"

"ओली, मार्चनंतर इथल्या पोरांचे कान कोण बघणार आहे, ते मला सांग. आण इकडे कागद." तिनं सही केली, बोटाला लागलेलं तेल कागदावर उमटलं. "हेस्टरला ठाऊक आहे, मला ठाऊक आहे. त्या कपाटापुढच्या बाईला कशाला ठाऊक पाहिजे?"

छापायचंही आहे, हे सांगायचं ओलीटाच्या ओठावर आलं होतं. तेवढ्यात बाहेर फोन वाजला. आणि तो वाजला म्हणून तिला बरं वाटलं. हे पुढं तिनं कुणापाशी कबूल केलं नाही, पण तसं झालं खरं.

फ्युनरल होमचा म्हातारा एस्टिल पेनिंग्टन कागद वाचून चष्म्यावरून बघायला लागला. "ओली, नाव राहिलं म्हणून लोक माझ्या अंगावर धावून येतात. नाव काढ म्हणणारी तू पहिली."

"काढ म्हणजे काढ."

"डार्लाला माहितीय?"

"तिची सही आहे त्याच्यावर. दिसत नाही का?"

"सही दिसतेय," एस्टिल म्हणाला. "मी विचारलं काय आणि तू सांगतेस काय."

"एस्टिल, तू मेलेल्यांचं बघ. जिवंतांचं आम्ही बघतो."

त्यानं वेबसाइटवरून नाव काढलं. साप्ताहिक गुरुवारी निघालं. चौथ्या पानावर, टायरच्या जाहिरातीखाली, चौकटीत छापलं होतं: 'दुरुस्ती. कै. हेस्टर स्टिडम यांच्या निधनवार्तेत श्रीमती डार्ला कोवाल्स्की यांचं नाव चुकून भाच्यांमध्ये छापलं गेलं. श्रीमती कोवाल्स्की यांचं स्टिडम कुटुंबाशी कोणत्याही प्रकारचं नातं नाही.'

गुरुवारी सकाळी ओलीटा दवाखान्यात पोचली, तेव्हा बाहेरच्या खुर्च्या भरलेल्या होत्या आणि बर्ल क्रीचच्या हातात पेपर होता. डार्ला दारातून पुढच्या रोग्याला बोलवायला आली, तशी त्यानं हाक दिली.

"काय गं डार्ला! तुला घरातून काढून टाकलं की या लोकांनी!"

दोघेतिघे हसले. बर्लच्या मनात काही वाईट नव्हतं. पण मग एक म्हातारी, अगदी सहज, शेजारणीला म्हणाली, "मी म्हटलंच होतं. आणलेलीच ना ती. हेस्टरला शेवटी कळत नव्हतं काही."

डार्लानं पेपर घेतला. उभ्या उभ्या वाचला. घडी करून बर्लला परत दिला, आणि पुढचं नाव पुकारलं. दुपारपर्यंत तिनं अकरा रोगी बघितले. ओलीटा मागेमागे होतीच. मग मागच्या खोलीत दार लावल्यावर डार्ला बोलली.

"मी लिही म्हटलं होतं. छाप म्हटलं नव्हतं."

"विद्यापीठानं सांगितलं, डार्ला. छापल्याशिवाय ते..."

"विद्यापीठानं तुला सांगितलं. तू मला सांगितलंस?"

"मी सांगणार होते. फोन वाजला."

"आठ दिवस वाजत होता?"

ओलीटाचा पारा चढला. चूक आपली असली की तो जरा लवकरच चढायचा. "मग काय करायला पाहिजे होतं मी? दवाखाना बुडू द्यायचा? तू छाप म्हणाली नसतीस तर?"

"विचारलं असतंस तर म्हणाले असते छाप," डार्ला म्हणाली. "म्हणून तर विचारायचं होतं."

विद्यापीठाला शिव्या देणं सोपं होतं; दिल्याही ओलीटानं, त्या दिवशी आणि पुढं किती दिवस. त्या वाजवीच होत्या. पण ते वाक्य विद्यापीठानं फक्त लिहिलं होतं. स्लेट लिकमध्ये घेऊन आली होती ती ओलीटा.

तास मंजूर झाल्याचं पत्र चारच दिवसांत आलं. खाली व्होसबाईंनी लिहिलं होतं, 'सहकार्याबद्दल आभार.'

तीस तास राहिले होते. ओलीटाला वाटलं, डार्ला आता शिकवणार नाही. तिनं शिकवलं. एक मिनिट कमी दिलं नाही. बाळाच्या छातीतली घरघर कुठली साधी आणि कुठली धोक्याची, नवरा खोलीत असताना बाईला काय विचारू नये, म्हातारा 'बरं आहे' म्हणतो तेव्हा त्याचे बूट बघावेत, सगळं सांगितलं. फक्त सांगताना ती म्हणायची, "मिस स्टिडम, इकडे बघा." "मिस स्टिडम, हे चुकलं तुमचं." जेवायच्या सुट्टीत ती गाडीत जाऊन बसायची.

एकदा ओलीटा काचेपाशी गेली. सुक्या सफरचंदांचा थरांचा केक आणला होता, आईच्या हातचा असायचा तसा. "डार्ला, वरची जागा तुझीच आहे. आईनं सांगितलंय. छापलं म्हणून ते बदलत नाही."

डार्लानं काच अर्धी खाली केली. "तिथं कोण कोण असतं, मिस स्टिडम?"

"म्हणजे?"

"स्टिडम आणि त्यांचे नातेवाईक. मी वाचलं पेपरात." काच वर गेली. केक ओलीटाच्या हातातच राहिला. नंतर कळलं, घरमालकाला तिनं खोली सोडत असल्याचं सांगितलं होतं आणि टोलेडोच्या भावाला पुन्हा फोन केला होता.

डिसेंबरच्या पहिल्या शुक्रवारी शेवटचा तास भरला. मागच्या खोलीत टेबलावर विद्यापीठाचा शेवटचा कागद होता. आधी विद्यार्थिनीनं भरायचा, मग मार्गदर्शकानं. डार्लानं खिशातलं पेन काढून ओलीटापुढे ठेवलं.

तासांची बेरीज, तारखा, दवाखान्याचं नाव. तळाशी तीच चौकट: मार्गदर्शकाशी आपलं काही नातं आहे का?

ओलीटाचा हात थांबला. डार्ला खिडकीतून टेकडीकडे बघत होती.

"भरा," ती म्हणाली. "बाहेर पोरगं खोकतंय."

ओलीटानं 'नाही' वर खूण केली. कागद फिरवला. डार्लानं तो पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचला, त्या चौकटीपाशी बोट ठेवून वाचला, आणि खाली ठसठशीत सही केली. तारीख घातली. शेऱ्याच्या जागी लिहिलं: 'हिच्या हाती मी माझे सगळे रोगी निर्धास्त सोपवते.'

"डार्ला..." ओलीटा म्हणाली. तिनं पेन उचललं होतं, कशाला ते तिलाच कळलं नाही.

डार्लानं हात पुढे केला. क्षणभर ओलीटाला वाटलं, हात धरायलाच केलाय.

"पेन माझं आहे," डार्ला म्हणाली, ते घेऊन खिशाला लावलं, आणि गुडघ्यावर हात टेकत उठून खोकणाऱ्या पोराकडे गेली.